मास्तरांनी लावलेली तारीख

दरवर्षी एक जूनला आमच्या घरी चार जणांचा वाढदिवस असतो आणि त्या चौघांपैकी एकाचाही जन्म त्या दिवशीचा नाही. चौघांना ओवाळायला जो पाचवा माणूस असतो, त्याचा जन्म मात्र पुण्यातल्या प्रसूतिगृहात, पहाटे चार वाजून सतरा मिनिटांनी झालेला आहे. त्याची पत्रिका आहे, महापालिकेचा दाखला आहे, बारशाचा फोटोसुद्धा आहे. आणि त्याचा वाढदिवस आम्ही हटकून विसरतो. तो माणूस म्हणजे आमचे हे.

यात कोडं काही नाही. आमच्या पिढीतल्या, खेड्यात जन्मलेल्या कुणालाही विचारा. पोराला शाळेत घालायची वेळ आली की बाप त्याचं मनगट धरून मास्तरांपुढे नेऊन उभा करायचा. मास्तर म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडणार, तोवर सहा पुरी झालेली दिसली पाहिजेत, म्हणून तारीख एक जून. साल मास्तर पोराची उंची बघून लावायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, त्याचा अंमल १९७० सालापासून. आम्ही त्याच्या आधीच येऊन बसलो होतो.

मी पुरंदर तालुक्यातली. माझा हात कानाला केव्हाचा पोचत होता, पण धाकट्या दोघांना बघायला घरात कुणी नव्हतं म्हणून मला उशिरा शाळेत घातलं. पोरगी वर्गात थोराड दिसायला नको म्हणून मास्तरांनी लिहिलं, १ जून १९६४. आई म्हणायची, ‘पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी, गौरी घरात आल्या त्या सांजेला तू झालीस.’ पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. म्हणजे मी १९६२च्या सप्टेंबरातली. मास्तरांच्या एका फराट्यात पावणेदोन वर्षांनी लहान झाले. ऐकणाऱ्या बायकांना याचा हेवा वाटतो. सरकारी नोकरीत त्याचा अर्थ पावणेदोन वर्षं जास्त पाट्या टाकणं एवढाच होतो.

लग्नाच्या वेळी सासूबाईंनी पत्रिका मागितली. आमचे वडील म्हणाले, ‘पत्रिका नाही. मुलगी आहे, ती बघा.’ मग नावरासीवरून काहीतरी गुण जुळवले. किती जुळले ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर एक तारखेला जन्मलेल्याचं वर्ष कायद्याच्या हिशेबाने आदल्या दिवशीच भरतं. त्यामुळे एक जूनवाले निवृत्त होतात ३१ मेला. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत जा, शाली, नारळ आणि भिंतीवरची घड्याळं यांची रांग लागलेली असते. २०२२च्या ३१ मेला आमच्या कचेरीतून आम्ही चौघं एका दमात बाहेर पडलो. भाषणं करणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण ‘यांची पोकळी भरून निघणार नाही’ हे चारदा म्हणायचं होतं. शिवाय वेतनवाढ लागते एक जुलैला. अकरा महिने राबून शेवटची वाढ हुकली हे अक्का अजून विसरलेली नाही. हा विषय निघाला की ती मास्तरांचा उद्धार करते.

चौघांची खरी नावं इथे लिहीत नाही. कचेरीत ज्या हाका मारायचो त्याच ठेवते. अक्का खानदेशातली, यावलकडची, आस्थापना शाखेत होती. आप्पा लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे, साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. भाऊसाहेब भंडाऱ्याचे, आवक-जावक बघायचे. आणि मी अभिलेख कक्षात, धुळीच्या राज्यात. अक्काची आणि माझी अगं-तुगं आहे. बाकीचे एकमेकांना अहो-जाहो करतात, निवृत्त झाल्यावरही.

त्या २०२२च्या एक जूनला सकाळी नऊला अक्काचा फोन आला. ‘मी डबा भरला गं.’

‘कशाला?’

‘सवयीने. लोकलचा पाससुद्धा पर्समध्ये टाकला. जिना उतरले आणि मग आठवलं. आता खालच्या पायरीवर बसलेय डबा घेऊन. वर जायची लाज वाटते, सून म्हणेल काय.’

‘इकडे ये,’ म्हटलं.

चिंचवडहून ती सिंहगड रस्त्यावर आमच्या घरी येईपर्यंत मी बाकीच्या दोघांना फोन लावले. आप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा सफारी घालून दारात उभे होते म्हणे, कुणी न्यायला सांगितलेलं नसताना. भाऊसाहेबांचा खानावळीचा डबा यायचाच होता. दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून चार डबे उघडले. अक्काची कळण्याची भाकरी आणि ठेचा, आप्पांची शेंगदाण्याची चटणी, खानावळीचा पिवळा बटाटा, माझी मुगाची उसळ. ह्यांनी वर आमटी वाढली. जेवता जेवता चारही फोन वाजायला लागले. बँकेचा मेसेज, पतसंस्थेचा मेसेज, कुठल्या कुठल्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ. अक्का हातातला घास तसाच धरून म्हणाली, ‘अगं, आज आपला वाढदिवस!’

तोवर आमच्यापैकी कुणाच्या लक्षात नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं ही तारीख सेवापुस्तकात, पॅनकार्डावर, पासपोर्टावर लिहिली, पण ती आपल्याला चिकटलेली आहे असं वाटायचं नाही. बूट कसा, पायात असतो पण अंगाचा नसतो. त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना विचारलं, ‘तुमची आई काय म्हणायची?’

बस, तिथून हे सगळं सुरू झालं.

आप्पांची आई म्हणायची, येळवसेला झालास. पुण्यातल्या किती जणांना येळवस माहीत आहे कोण जाणे. मार्गशीर्षाच्या अवसेला लातूर, धाराशिवकडची अख्खी गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. आप्पांची आई डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन निघाली होती आणि बांधावरच कळा सुरू झाल्या. ‘बिंदगी खाली ठेवली आन् मला उचललं,’ हे वाक्य आप्पा दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी आधी स्वतःच हसतात. आंबील सांडली नाही, हा त्यांच्या घरात अभिमानाचा विषय आहे.

अक्का आखाजीची. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिची आई पहिलटकरीण, नववा भरलेला, तरी झोक्यावर बसलेली. तिला झोक्यावरून उतरवून आत नेलं. अक्काचा हिशेब त्यामुळे मास्तरांपेक्षा दोन-तीन आठवड्यांनीच चुकतो. ‘तू जवळजवळ खरी आहेस,’ असं आम्ही तिला चिडवतो.

मी गौरींची, ते सांगितलंच.

भाऊसाहेब काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. मामाकडे वाढलो. एकदा मामीला विचारलं होतं. ती म्हणाली, पाऊस होता वाटते... का थंडी होती.’

त्यावर कुणाला काही सुचलं नाही. ह्यांनी विचारलं, ताक कुणाला हवंय.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ला, अक्काने फर्मान काढलं की एक जूनला माझ्याकडेच जमायचं आणि ज्याने त्याने आपापल्या खऱ्या वेळेचं जेवण आणायचं. आई ज्या दिवसांचं नाव घ्यायची त्या दिवसांत घरात जे शिजत असेल ते. ऐकायला छान वाटतं, करायला वैताग. येळवस थंडीतली, गौरी भाद्रपदातल्या, आखाजी वैशाखातली, आणि आम्ही जेवणार ज्येष्ठात. ओल्या तुरीच्या शेंगा जूनमध्ये आणायच्या कुठून?

आप्पांनी त्यावर तोड काढली. ते दरवर्षी येळवसेला गावी जातातच. येताना तुरीचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे सोलून आणतात आणि फ्रीजरमध्ये टाकतात. पिशवीवर मार्करने लिहितात, ‘वाढदिवस. हात लावू नये.’ पाच-सहा महिने ती पिशवी आइस्क्रीमच्या शेजारी झोपलेली असते. नातवाने एकदा त्यातले मटार समजून पुलावात घातले, तर घरात दोन दिवस अबोला होता म्हणे. भज्जी या नावावरून कुणी तळलेली भजी समजू नका. ती गिळगिळीत, बेसन लावलेली, चिंचेची, शेतातलं जे हाताला लागेल ते सगळं पोटात घेतलेली भाजी असते. दिसायला काही खरं नाही. पण त्यावर थंड आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, ठेचलेल्या लसणाची... मी पुणेरी सुनेच्या इमानाने सांगते, आमच्या मठ्ठ्याने तिच्यापुढे उभं राहू नये.

माझं जेवण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत नावडतं. आमच्याकडे गौरी येतात त्या संध्याकाळी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. माहेरवाशीण दमून आली आहे, तिला आधी साधं जेवू दे, असं आई म्हणायची. तेव्हा माझ्या वाट्याला शेपू. त्या वासाने आमच्या मजल्यावरच्या खिडक्या लागतात. हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही शेपूला ‘ती तुझी वनस्पती’ म्हणतात.

यंदा, म्हणजे २०२५ला, शेपूसाठी मंडईत गेले. खरं तर कोपऱ्यावर मिळते, पण वाढदिवसाचा शेपू मंडईतला हवा, हे माझं खूळ. आमच्याकडून बसने स्वारगेट आणि तिथून मेट्रोने एक स्टेशन. जमिनीखालून जाऊन वर निघायचं ते थेट १८८६ सालच्या त्या अष्टकोनी इमारतीपाशी, ह्याची मला अजून मौज वाटते. यंदा पाऊस २६ मेलाच पुण्यात येऊन धडकला होता. एरवी आपण सात जूनकडे, मृगाकडे डोळे लावून बसतो. पालेभाज्यांची दैना झालेली. जुड्या चिखलात लोळून आल्यासारख्या, भाव मात्र ताठ. ‘चाळीस?’ मी म्हटलं. भाजीवाली म्हणाली, ‘शेपूला चाळीस देनारं गिऱ्हाईक येगळंच असतं बाई, तुमी घ्या.’ घेतली.

भाऊसाहेबांचं सांगायचं राहिलं. २०२३ला ते मोठं पातेलं घेऊन आले. ‘यंदा मी रोवण्यातला,’ म्हणाले. त्यांच्याकडे धानाची लावणी म्हणजे रोवणा. सोबत गोळाभात होता, भिजवून वाटलेल्या डाळीचे गोळे भातात शिजवलेले, वरून लसणीची कडकडीत फोडणी. आम्ही आधी एकमेकांकडे बघितलं. मग आप्पा म्हणाले, ‘रोवणा म्हंजी श्रावणाच्या आसपास. बरा महिना हाय.’ २०२४ला त्यांनी सांबारवडी आणली आणि म्हणाले, ‘यंदा मी थंडीतला.’ वऱ्हाडात, झाडीपट्टीत कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्यांनी कोथरूडच्या भाजीवाल्याकडे दोन जुड्या सांबार मागितला आणि त्याने त्यांना समोरच्या इडलीवाल्याकडे पाठवलं, ही गोष्ट त्यांनी वडीबरोबर वाढली.

दोन्ही वर्षी कुणी त्यांना ‘असं कसं’ म्हणून विचारलं नाही. ज्याला महिना मिळालेला नाही त्याने दरवर्षी नवा निवडला तर कुणाचं काय जातं? मला तर मनातल्या मनात थोडा हेवाच वाटला.

कारण माझा महिना मी तपासलेला नाही. तपासता आला असता. नोकरीची पहिली बारा वर्षं मी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. गावचा नमुना नंबर १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्यातल्या आज्या-पणज्या शोधत येतात. शेकडो लोकांना मी त्यांचे पूर्वज काढून दिले. एकदा एका अर्जासाठी माझ्याच गावचा रुमाल सोडला. लाल कापडात बांधलेलं दप्तर. अर्जदाराची नोंद १९५७ सालची होती. १९६२ तिथून चार बोटांच्या अंतरावर होतं.

मी रुमालाची गाठ बांधली आणि वर ठेवून दिला. समजा नोंद निघाली आणि ती माघातली निघाली, तर आईच्या गौरींचं मी काय करणार होते? आई तेव्हा जिवंत होती. भाद्रपदात गौरींचे मुखवटे पुसताना दरवेळी माझ्याकडे बघून हसायची. आता आई नाही. रुमाल तिथेच असेल, वाळवीने ठेवला असेल तर.

यंदा रविवार होता, म्हणून अक्काने मांड्यांचा घाट घातला. आधीच्या दोन वर्षांत तिने आमरस आणि साध्या पोळ्यांवर भागवलं होतं, पण आखाजीचं जेवण म्हणजे खापरावरचे मांडे, हे तिच्या मनात सलत होतं. यावलहून तिने खापर आणलं, गोधडीत गुंडाळून, एसटीच्या शेवटच्या सीटवर मांडीवर घेऊन. मातीचं पालथं भांडं ते, त्याची पाठ चुलीवर तापवायची. गॅसवर ते एका बाजूने तापतं आणि तडकतं. म्हणजे चूल हवी. म्हणजे गच्ची. गच्चीवर चूल, शेगडी किंवा तत्सम काही पेटवू नये असा आमच्या सोसायटीचा लेखी ठराव आहे. मी सेक्रेटरी असताना तो मीच लिहिला होता, ‘तत्सम’ हा शब्दसुद्धा माझाच.

सकाळी आठला तीन विटा मांडल्या. भुरभुर पाऊस. हे एका हातात छत्री धरून खापरावर उभे, स्वतः भिजत. लाकडं ओली, धूर नुसता. अक्काचे डोळे चोळून लाल. तेवढ्यात धूर बघून वॉचमनची बायको वर आली. मला वाटलं आता ठरावाचं कलम वाचून दाखवणार. ती परभणीकडची. तिने चुलीकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, काही न बोलता खाली गेली आणि पदरातून वाळक्या नारळाच्या शेंड्या घेऊन आली. विटा दोन बोटं सरकवल्या, फुंकणी नव्हती म्हणून वर्तमानपत्राची नळी केली, आणि चूल अशी धरली की अक्का गप्पच बसली. अक्काला गप्प करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

मग अक्काने बांगड्या काढून ठेवल्या. कणीक इतकी सैल की हातातून ओघळेल. त्यात पुरण भरून आधी थोडं लाटायचं आणि मग दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठं करायचं. पीठ तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत सरकत जातं, रुमालासारखं पातळ होतं, आतलं पुरण दिसायला लागतं, आणि नेमकं फाटणार असं वाटतं तेव्हा ते खापरावर पडलेलं असतं. पहिले दोन फाटले. तिसरा जमला. साठी उलटलेली बाई, गुडघे बदलायचे राहिलेत, आणि ओल्या गच्चीवर उकिडवं बसून ती कोपरभर मांडा नाचवत होती. हे छत्री विसरून बघत राहिले आणि पाऊस पाचव्या मांड्यावर पडला.

वॉचमनच्या बायकोला मी विचारलं, ‘तुझा वाढदिवस कधी गं?’

‘काय म्हाइत. आधार कार्डावर एक जानेवारी हाय. माझा, सासूचा आन् जावेचा बी.’

अक्काने वर बघितलं. मास्तर गेले, संगणक आला. मास्तर निदान कान धरायला सांगायचे.

तिला म्हटलं जेवायला ये. गेटवर कुणी नाही म्हणाली. तिचा मांडा आणि वाटीभर रस बाजूला काढून ठेवला. रसाची पण कथाच होती. पावसाने आंबा उतरलेला, पायरी मिळता मिळेना, मिळाली ती निम्मी पाणचट. शेवटी थोडा केशर घालून निभावलं. खानदेशातल्या माणसाने ते ओळखलं, पण वाढदिवस असल्यामुळे फक्त ‘हं’ म्हटलं.

बारा वाजता औक्षण. पूर्वी हे चार पाट मांडायचे. आता आमच्यापैकी पाटावरून एका झटक्यात उठणारं कुणी उरलं नाही, म्हणून चार खुर्च्या. पाटाशिवाय ओवाळायचं त्यांच्या सदाशिवपेठी मनाला पटत नाही, म्हणून प्रत्येक खुर्चीसमोर पाय ठेवायला एक पाट. निरांजन, सुपारी, त्यांची अंगठी, अक्षता, सगळं जिथल्या तिथे. पुरुषाने औक्षण करावं का, असा प्रश्न पहिल्या वर्षी आप्पांना पडला होता. ह्यांनी विचारलं, ‘मग दुसरं कोण करणार? बाकी सगळे उत्सवमूर्ती आहेत.’ आता आप्पाच सगळ्यांत आधी टोपी सरळ करून बसतात.

जेवताना नेहमीचं भांडण झालं. आप्पांचं म्हणणं, एक जूनचा खरा मान एसटीचा. १ जून १९४८ला पहिली गाडी धावली ती नगर आणि आपल्या पुण्याच्या दरम्यान, नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, ही नावं आप्पा पंचांगातल्या तिथीसारखी घेतात. त्यांना स्वतःला एसटीत लागायचं होतं. साहेबांच्या जीपवर लागले आणि हळहळ राहिली. भाऊसाहेब डेक्कन क्वीनचे. ती १ जून १९३०ची, म्हणजे एसटीपेक्षा अठरा वर्षांनी थोरली, यंदा तिला पंच्याण्णव पुरी झाली. दरवर्षी या तारखेला पुणे स्टेशनात तिच्यासाठी केक कापतात.

‘राणी व्हती ती,’ आप्पा म्हणाले. ‘तिच्यात आपल्यासारख्याला कोन घेत व्हतं? तिसरा वर्गच नव्हता तिला.’

‘पंचावन्न साली लावला ना.’

‘पंचवीस वर्सांनी! आमच्या लाल डब्यात पहिल्या दिवसापासून कुनी बी चढायचं.’

अक्का म्हणाली, तुम्ही दोघं मांडा गार करताय.

भज्जी संपली, आंबील संपली, मांडे संपले. शेपू उरला. दरवर्षी उरतो. भाऊसाहेबांनी मात्र दोनदा घेतला, ते दरवर्षी दोनदा घेतात आणि मी दरवर्षी न बघितल्यासारखं करते.

यंदा भाऊसाहेबांनी काही आणलेलं दिसत नव्हतं. सकाळी दहालाच आले होते, शर्ट अर्धा भिजलेला, काखेत पिशवी. पिशवी कपाटावर ठेवली. अक्काने तीनदा विचारलं, ‘यंदा कुठल्या महिन्यातले?’ तीनदा म्हणाले, जेवण होऊ द्या.

जेवण झालं. हे बडीशेप घेऊन आले. भाऊसाहेबांनी पिशवी काढली, त्यातून प्लॅस्टिकची छोटी डबी, जिच्यात आपण लोणचं देतो तसली. आत केकचा एक तुकडा. चेपलेला, क्रीम सगळं झाकणाला लागलेलं, वर कुठल्यातरी अक्षराचा अर्धा काना.

‘पहाटे उठून स्टेशनात गेलो होतो,’ ते म्हणाले. ‘सव्वासातला सुटते ती. त्याच्या आधी कापतात. गर्दी होती बरीच, फुलं लावली होती इंजिनाला. एक बाई वाटत होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही पासवाले का. म्हटलं नाही, माझा पण आज वाढदिवस आहे. तर म्हणाल्या, हो का, खरंच?’

‘मग?’ अक्का म्हणाली.

‘मग काय. हो म्हटलं.’

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘म्हंजी यंदा एक जूनचे,’ ते म्हणाले.

‘यंदा,’ भाऊसाहेब म्हणाले.

अक्काने डबी जवळ ओढली, वाकून वास घेतला. ‘यात अंडं असेल का हो?’

‘रेल्वेचा आहे, मला काय माहीत.’

‘असू दे,’ ती म्हणाली. ‘खालच्या बाईंसाठी पण एक ठेवा.’

हे सुरी घेऊन आले. तुकडा ताटलीत काढला, झाकणाचं क्रीम चमच्याने खरवडून परत वर लावलं, आणि एवढ्याशाचे सहा करायचे म्हणून चष्मा शोधायला पुन्हा आत गेले.